निवडुंगाच्या माळावरची वाडी

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर एके काळी कुंडल रोड नावाचे लहानसे स्टेशन होते. कुंडल गाव तिथून दूर. स्टेशनाभोवती वस्ती नव्हती, होता तो माळ. निवडुंगाने गच्च भरलेला, नागसापांसाठी बदनाम. गुराख्यांखेरीज कोणी तिथे मुद्दाम जात नसे. १० मार्च १९१० रोजी या माळावर एका कुटुंबाने बिऱ्हाड मांडले. सोबत पंचवीसेक कामगार आणि त्यांची बायकामुले होती. पुढे त्या वस्तीचेच नाव स्टेशनाला मिळाले. सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील आजची किर्लोस्करवाडी ती हीच.

किर्लोस्करवाडी म्हटले की लोकांना कारखाना आठवतो, पंप आठवतो, वडीलधाऱ्यांना नांगर आठवतो. या स्मरणिकेसाठी लिहिताना मात्र मला कारखान्यापेक्षा वाडीबद्दल अधिक लिहायचे आहे. कारखाने पुष्कळांनी काढले. पण माळरानावर एखादे कुटुंब येते, परक्या माणसांना आपलेसे करते आणि त्यातून एक नांदते गाव तयार होते, ही गोष्ट महाराष्ट्राच्या उद्योगइतिहासात क्वचित घडलेली आहे.

किर्लोस्कर घराणे मूळचे कोकणातले, मालवणजवळच्या किर्लोशीचे. घाटावर येऊन ते बेळगावकडच्या गुर्लहोसूर गावी स्थिरावले. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गुर्लहोसूरचे. २० जून १८६९ रोजी लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्करांचा जन्मही तिथेच झाला. लक्ष्मणरावांना चित्रकलेची ओढ होती आणि त्या ओढीने त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत नाव घातले. काही रंगांतला फरक आपल्याला कळत नाही, हे त्यांना तिथे उमगले. रंगकामाची वाट बंद झाल्यावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीच्या वेळी आपल्याला डावलून दुसऱ्याला वर घेतले, हा अपमान त्यांना सहन झाला नाही. नोकरी सोडून ते बेळगावला भावाकडे आले. थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे रामूअण्णा, तिथे सायकलींचे दुकान चालवत होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा त्या विकत, असा ‘किर्लोस्कर बंधूं’चा संसार १८८८पासून सुरू झालेला होता.

सायकलीच्या दुकानातून कारखान्याकडे जाण्याचा रस्ता शेतातून गेला. आधी कडबा कापायचे यंत्र झाले आणि १९०३ साली लोखंडी नांगर. या नांगराबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण वाडी उभी राहिली ती त्याच्या जोरावर.

आपल्याकडचा लाकडी नांगर जमिनीत तास पाडतो, माती फोडतो, पण पालथी करत नाही. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा माजला की त्याची मुळे खोल जातात. लाकडी नांगर वरवरची मुळे तोडतो, खालची तशीच राहतात आणि पाऊस पडला की तण पुन्हा तरारून येते. कुंद्याने धरलेले रान शेतकरी कित्येकदा नाइलाजाने पडीक टाकत. लोखंडी नांगराचा फाळ खोल घुसतो आणि मागचे वळणदार पाते मातीचा थर उचलून उलटा टाकते. मुळ्या वर येतात, उन्हात वाळतात, जमीन चांगली तापते. बैल जास्त लागतात, हे खरे. पण एकदा नांगरट नीट झाली की पुढची दोन-तीन वर्षे रान स्वच्छ राहते.

हे शेतकऱ्याला पटवणे सोपे नव्हते. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी समजूत खोलवर रुजलेली होती. पहिले नांगर जवळजवळ दोन वर्षे विकल्याविना पडून राहिले. या समजुतीला हसण्याचे कारण नाही. ज्याचे पोट चार एकरांवर आहे, त्याने आपली जमीन दुसऱ्याच्या प्रयोगाला का द्यावी? लक्ष्मणरावांना हे कळत असावे. त्यांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही, नांगर सुधारला. धातू कुठे मऊ पडतो, फाळ कुठे झिजतो, हे बघून त्यांनी पुन:पुन्हा ओतकाम केले. नांगर खपू लागला तो त्यानंतर.

कामाला बरकत येऊ लागली आणि त्याच सुमारास बेळगावातली जागा सुटली. शहराची नवी वस्ती, त्या वेळची ठळकवाडी म्हणजे आजची टिळकवाडी, वाढवण्यासाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली. शेड, भट्टी, यंत्रे, माणसे घेऊन जायचे कुठे? लक्ष्मणराव तेव्हा औंधला देवीच्या मंदिरातील सभामंडपाचे काम करत होते. औंधच्या गादीवर नुकतेच, १९०९च्या अखेरीस, भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले होते. राजे स्वतः चित्रकार आणि कलेचे भोक्ते. लक्ष्मणरावांची अडचण कानी पडताच त्यांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडा असे सांगितले आणि भांडवलासाठी १० हजार रुपये बिनव्याजी दिले.

औंध संस्थान सलग नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडे गुणदाळ, असे त्याचे तुकडे विखुरलेले होते. कारखान्याला रेल्वे जवळ हवी, कच्चे लोखंड आणायला आणि तयार माल पाठवायला. कुंडल तालुक्यातून रेल्वे जात होती, म्हणून कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन लक्ष्मणरावांनी मागून घेतली. जमीन मिळाली ती त्या निवडुंगाच्या माळावर. चांगली काळी जमीन कारखान्यासाठी कुणी देत नाही आणि मागूही नये. त्या दृष्टीने ही निवड योग्यच होती. बाळासाहेबांचे हे औदार्य एकट्या किर्लोस्करांपुरते नव्हते. पुढे कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना आणि ओगलेवाडी उभी राहिली, ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचला, त्यामागेही औंधचाच आश्रय होता.

माळावर आलेल्या मंडळींपुढे पहिले काम निवडुंगाशी झुंजण्याचे होते. निवडुंग तोडून फेकला तर जिथे पडतो तिथेच पुन्हा मुळे धरतो. तो उपटावा लागतो, ढीग करून जाळावा लागतो आणि कापताना उडणारा चीक डोळ्यांपासून जपावा लागतो. त्याच्या बुडाशी सापांची बिळे. लहान मुले घेऊन आलेल्या आयांचे ते पहिले दिवस कसे गेले असतील, याची कल्पना आज करवत नाही. तांत्रिक इतिहासात या बायकांची नावे येत नाहीत. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि त्यांच्याबरोबर आलेल्या कामगारांच्या बायका यांनी माळावर चुली पेटवल्या नसत्या, तर कारखान्याची भट्टीही फार दिवस पेटलेली राहिली नसती.

कारखाना आणि घरे बरोबरच उभी राहिली. लक्ष्मणरावांनी यंत्रे बघितली, रामूअण्णांनी वस्ती. रस्ते आखणे, पाण्याची सोय, स्वच्छता, मुलांची शाळा, हे सारे रामूअण्णांच्या देखरेखीखाली चाले. माझ्या मते वाडीच्या इतिहासात रामूअण्णांना मिळायला हवे तेवढे श्रेय मिळालेले नाही. नांगर बनवणारा डोळ्यांत भरतो. सांडपाण्याचा निचरा पाहणारा भरत नाही. पण साथी येत-जात त्या काळात एखादी नवी वस्ती टिकते की उठते, हे निचऱ्यावर आणि पिण्याच्या पाण्यावरच ठरत असे.

आणि माणसे? लक्ष्मणरावांची माणसांची पारख हा वाडीच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग आहे. त्यांच्याभोवती जमलेल्या पहिल्या फळीत पदवीधर नव्हते. के. के. कुलकर्णी मॅट्रिकही झालेले नव्हते, पण व्यवस्थापन, कोर्टकचेरी आणि बाहेरची धावपळ त्यांनी सांभाळली. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडलेली, पण नव्या कल्पना यंत्रात उतरवण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. शंभूराव जांभेकर हे यंत्रकामातले वाकबगार. मंगेशराव रेगे यांनी कारकुनी आणि जमाखर्च चोख ठेवला. यांतल्या बहुतेकांना शहरात कुणी दारात उभे केले नसते. वाडीत त्यांना काम मिळाले, चुका करायला मोकळीक मिळाली आणि त्यांतूनच ते कर्ते झाले.

याहून धाडसाचा निर्णय राखणदारांचा होता. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे पंचक्रोशीत दरोडेखोर म्हणून ओळखले जात. वाडीच्या राखणीचे काम लक्ष्मणरावांनी त्यांच्याकडेच सोपवले आणि त्यांनी ते विश्वासाने केले. माणसावर जबाबदारी टाकली की तो तिला जागतो, ही लक्ष्मणरावांची श्रद्धा होती आणि ती त्यांनी आपल्या बायकामुलांची सुरक्षितता पणाला लावून पाळली. पुढे औंध संस्थानातच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे खुल्या तुरुंगाचा प्रयोग झाला आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. अपराध्याला माणूस म्हणून वागवणारी विचारांची हवा त्या छोट्या संस्थानात होती आणि वाडी त्याच हवेत वाढली.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडक होता. आसपासच्या गावांत पाणवठे वेगळे होते, सावलीचाही विटाळ होई, अशा काळातली ही गोष्ट आहे. भट्टीतला रस साच्यात ओतायला दोन्ही बाजूंनी माणसे लागतात आणि पावले जुळवून चालावे लागते. तिथे कोण कोणत्या आळीतला हे विचारून चालत नाही. पण कारखान्यातली ही समता संध्याकाळी घरच्या वाटेवर गळून पडू नये, यासाठी मालकाने आग्रह धरावा लागतो. तो इथे धरला गेला.

पहिल्या महायुद्धात विलायती नांगर यायचे थांबले आणि वाडीच्या नांगराला मागणी वाढली, तसे लोखंड आणि कोळसाही दुर्मिळ झाला. तरी काम टिकले. नांगराबरोबर उसाचे चरक आणि भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे होऊ लागली. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदली गेली आणि त्याच वर्षी वाडीने महाराष्ट्राला दुसरी एक देणगी दिली.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर हे लाहोरला पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकून आलेले. कारखान्याच्या जाहिराती आणि विक्री त्यांच्याकडे आली. यंत्रे घेणाऱ्या शेतकऱ्यांना आणि वाडीतल्या माणसांना बातम्या कळाव्यात म्हणून त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. पुढे तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आले, १९३४ साली ‘मनोहर’. ज्या माळावर वीस वर्षांपूर्वी वस्ती नव्हती, तिथून छापून निघालेली मासिके मुंबई-पुण्याच्या घरांत, बडोद्यात, इंदुरात, नागपुरात वाचली जात होती. सावरकरांचे विज्ञाननिष्ठा सांगणारे निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये आले. त्यांनी जुन्या समजुतींना इतके धक्के दिले की घराघरांत वाद झडले. ‘स्त्री’ने बायकांच्या शिक्षणाचे, विवाहाचे, स्वतःच्या कमाईचे प्रश्न माजघरात नेले. हे मासिक एका खेड्यातल्या कारखान्याच्या आवारातून निघत होते, हे आज अनेकांना ठाऊक नसते. ती मासिके पुढे पुण्याला हलली. पण त्यांचा पिंड वाडीतच घडला, असे मी ठामपणे म्हणेन.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ साली यंत्र अभियंता होऊन परतले आणि मुंबईत न राहता वाडीत रुजू झाले. त्याच वर्षी वाडीत पहिला सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. डिझेल इंजिनाचीही सुरुवात तिथलीच. यानंतरचा औद्योगिक विस्तार अनेक ठिकाणी लिहिला गेला आहे, तो इथे थोडक्यात सांगतो. १९३०नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, नांगराची विक्री बसली, तेव्हा लोखंडी फर्निचर करून कारखाना तगला. १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिन्स आणि बंगळूरला इलेक्ट्रिक कंपनी निघाली. मधल्या काळात, १९२९ साली, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस लावले होते, त्यासाठीही वाडीच्या कारखान्याने चरखा बनवला. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण पंप आणि इंजिने करणाऱ्या कारखान्याला खेड्यातल्या कातणाऱ्या बाईचे काम हलके वाटले नाही, याचे मला अप्रूप वाटते.

वाडी बेटासारखी अलिप्त राहिली नाही. शेजारचे कुंडल १९४२नंतर प्रतिसरकारचे केंद्र बनले. क्रांतिसिंह नाना पाटील आणि कुंडलचे जी. डी. बापू लाड यांच्या हालचाली याच परिसरात चालत. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली, ती याच मार्गावर. औंधमध्ये तर १९३९ सालीच राजाने लोकांच्या हाती राज्यकारभार सोपवणारी घटना स्वीकारली होती आणि लक्ष्मणरावांनी काही काळ संस्थानचे दिवाणपदही सांभाळले. वाडीची मुले या सगळ्याच्या मधोमध वाढली. एकीकडे भोंग्याची शिस्त, दुसरीकडे रात्री गावोगाव फिरणारे भूमिगत.

१९४८च्या आरंभी, महात्मा गांधींच्या हत्येनंतर ब्राह्मणांविरुद्ध उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीवर जमाव चालून आला आणि कारखान्याचे मोठे नुकसान झाले. अडतीस वर्षे जे उभारले, त्यातले कितीतरी ज्वाळांत गेले. या घटनेबद्दल लिहिताना अनेक जण शब्द आखडते घेतात. मला वाटते, ती स्पष्टपणे नोंदवली पाहिजे आणि त्याच वाक्यात हेही नोंदवले पाहिजे की वाडी पुन्हा उभी राहिली ती वाडीच्या माणसांच्या हातांनी, आणि त्यांत सर्व जातींची माणसे होती. जातीचा भेद मोडायचा म्हणून जिथे आयुष्यभर प्रयत्न झाला, तिथेच जातीच्या नावाने आग लागावी, याचे दुःख त्या पिढीने शेवटपर्यंत बाळगले.

पुढे किर्लोस्कर कुटुंबाचा मुक्काम पुण्याकडे सरकला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. पुण्याच्या मॉडेल कॉलनीतला लकाकि रस्ता त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांची आठवण देतो आणि १९६९ साली, जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. वाडीतला कारखाना मात्र थांबला नाही. पंप आजही तिथे बनतात आणि देशाबाहेरही जातात.

एका घराण्याने वसवलेल्या वस्तीची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. इथे घर, नोकरी, शाळा, पाणी सगळे एकाच हातून मिळत होते. तो हात भला असला तरी घेणाऱ्याच्या मनात आपण उपकारात आहोत ही जाणीव राहतेच, आणि नोकरी सुटली की घरही सुटते. वाडीत वाढलेल्या पिढ्यांना ही काळजी ठाऊक होती. लक्ष्मणरावांनी लोकांना कर्तबगारीची संधी दिली म्हणून ती जाणीव सौम्य राहिली, पण ती नव्हती असे म्हणणे कामगारांवर अन्याय ठरेल. संस्थापकांचा गौरव करताना ही बाजू झाकली जाऊ नये.

वाडीचा इतिहास आजवर मुख्यत्वे संस्थापक घराण्याच्या आणि कारखान्याच्या अंगाने लिहिला गेला. साचे भरणाऱ्यांच्या, लेथवर उभे राहिलेल्यांच्या, रात्रपाळीहून येणाऱ्यांची वाट पाहणाऱ्या बायकांच्या, निवडुंग उपटणाऱ्या पहिल्या पिढीच्या नातवंडांच्या आठवणी अजून घराघरांत आहेत. ज्यांचे आजी-आजोबा वाडीत राहिले, त्यांनी घरातल्या वयस्क माणसांसमोर बसून त्या लिहून घ्याव्यात, जुन्या फोटोंच्या मागे त्यांतल्या माणसांची नावे टाकावीत आणि त्याची एक प्रत गावच्या वाचनालयाला द्यावी, ही या स्मरणिकेच्या प्रत्येक वाचकाला आग्रहाची विनंती.